न मोजलेला संसर्ग

शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण शुद्धीवर येतो, नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. 'इन्फेक्शन झाले आहे' एवढेच सांगितले जाते. अँटिबायोटिक बदलले जाते, रुग्णालयातील मुक्काम वाढतो आणि त्याबरोबर बिलाचा आकडाही. हा अनुभव शहरांतील असंख्य कुटुंबांच्या परिचयाचा आहे. मात्र हे इन्फेक्शन आले कोठून, ते टाळता आले असते काय आणि त्याच रुग्णालयात गेल्या महिन्यात आणखी किती जणांना ते झाले, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच, तर उत्तर देण्यासाठी लागणारी नोंद अनेक ठिकाणी मुळात ठेवलेलीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग नियंत्रणाविषयीचा आपला पहिला जागतिक अहवाल २०२२ साली प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथेच किमान एक नवा संसर्ग जडतो, असे त्या अहवालात म्हटले आहे. या संसर्गांत लघवीच्या नळीमुळे, म्हणजे कॅथेटरमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा वाटा मोठा आहे. त्याचे कारण डोळ्यांना दिसते, नळी कोणत्या दिवशी घातली आणि कधी काढली हे सांगता येते आणि प्रतिबंधाचे उपायही फारसे खर्चिक नाहीत. म्हणूनच एखादे रुग्णालय आपल्या रुग्णांच्या सुरक्षिततेबाबत किती गंभीर आहे, हे पाहण्यासाठी या संसर्गाच्या मोजणीइतकी सोपी कसोटी दुसरी नाही. या कसोटीवर आपली रुग्णालये उतरतात काय, हा खरा प्रश्न आहे.

नळी आत, जिवाणूही आत

आज जगभर वापरली जाणारी फुग्याची नळी अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकात ती प्रचारात आली. नळीच्या टोकाशी असलेला लहानसा फुगा मूत्राशयात फुगवला की नळी जागेवर राहते. मोठ्या शस्त्रक्रियेत, लघवी अडलेल्या रुग्णात किंवा तासातासाला लघवी मोजणे आवश्यक असलेल्या अत्यवस्थ रुग्णात तिला पर्याय नसतो. तथापि, हीच नळी शरीराचा एक नैसर्गिक बंदोबस्त मोडून काढते. एरवी प्रत्येक वेळी बाहेर पडणाऱ्या लघवीबरोबर जिवाणू धुऊन निघतात. नळी असली की हा प्रवाह थांबतो आणि जिवाणूंना नळीच्या आतून व बाहेरून वर चढण्यासाठी आयती शिडी मिळते. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात. त्या थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही.

पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या भांड्यात सोडलेले असे आणि काही दिवसांतच बहुतेक रुग्णांच्या लघवीत जिवाणू सापडत. १९६६ साली केल्विन क्युनिन आणि रेजिना मॅककॉर्मॅक यांनी नळी व पिशवी यांची पूर्णपणे बंद जोडणी ठेवल्यास हा धोका किती कमी होतो, हे दाखवून दिले. तीच पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. तरीही नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जिवाणू शिरण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, असे मानले जाते. थोडक्यात, धोका नळी घातल्याच्या क्षणापुरता नसतो, तो दिवसांच्या हिशेबाने साचत जातो. त्यामुळे त्याची मोजणीही दिवसांच्याच हिशेबाने करावी लागते.

मोजणीचे गणित

या मोजणीची रीत समजून घेणे अवघड नाही. विभागात रोज ठरावीक वेळी किती रुग्णांना कॅथेटर आहे, हे मोजायचे. महिनाभराची ही बेरीज म्हणजे त्या विभागाचे 'कॅथेटर-दिवस'. त्या काळात झालेल्या संसर्गांची संख्या दर हजार कॅथेटर-दिवसांमागे मांडली की संसर्गदर मिळतो. दहा खाटांच्या अतिदक्षता विभागात रोज सरासरी सात रुग्णांना नळी असेल, तर तीस दिवसांचे २१० कॅथेटर-दिवस होतात. त्या महिन्यात एकाच रुग्णाला संसर्ग झाला तरी दर ४.८ इतका येतो आणि एकालाही झाला नाही तर तो शून्य.

येथेच पहिला सावधगिरीचा इशारा दडलेला आहे. अशा लहान विभागाचा खरा दर ४.८ असला, तरी केवळ योगायोगाने तीनपैकी एखादा महिना कोरा जाऊ शकतो. तेव्हा एका महिन्याच्या 'शून्य संसर्गा'चा गाजावाजा करणे निरर्थक होय. वर्षभराचा हिशेब मांडल्याखेरीज अशा आकड्याला अर्थ येत नाही.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू सापडणे आणि त्याला संसर्ग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या व्याख्येनुसार नळी सलग दोन दिवसांहून अधिक काळ आत असावी लागते. रुग्णाला ३८ अंश सेल्सियसहून अधिक ताप, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला वेदना यांसारखे लक्षण असावे लागते आणि लघवीच्या कल्चरमध्ये प्रत्येक मिलिलिटरमागे किमान एक लाख जिवाणू-वसाहती आढळाव्या लागतात. त्यातही दोनपेक्षा अधिक प्रकारचे जंतू आले, तर नमुना दूषित असण्याची शंका घेऊन तो बाद होतो. नमुना पिशवीतून न घेता नळीवरील नमुन्याच्या जागेतून घ्यावा लागतो, कारण पिशवीत साचलेल्या लघवीत जिवाणू वाढलेले असणारच.

व्याख्या बदलली की आकडाही बदलतो. २०१५ साली याच अमेरिकी संस्थेने जिवाणूंच्या संख्येची मर्यादा वाढवली आणि कँडिडासारख्या बुरशीला या मोजणीतून वगळले. परिणामी तेथील रुग्णालयांचे आकडे एकाएकी खाली आले. रुग्णसेवेत रातोरात सुधारणा झाली असे नव्हे, तर मोजपट्टी बदलली होती. म्हणून दोन रुग्णालयांची किंवा दोन देशांची तुलना करण्यापूर्वी कोणती पट्टी वापरली, हे विचारणे भाग आहे.

आपले आकडे काय सांगतात?

भारतातील सात शहरांमधील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १०,८३५ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅथेटरमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा दर हजार कॅथेटर-दिवसांमागे १.४१ नोंदला गेला. त्याच सुमारास, म्हणजे २००६ साली, अमेरिकेतील विविध अतिदक्षता विभागांचे सरासरी दर ३.१ ते ७.५ या दरम्यान होते. आकडे जसेच्या तसे स्वीकारायचे, तर आपल्या रुग्णालयांत नळीची निगा अमेरिकेहून दुपटीने चांगली राखली जात होती, असा निष्कर्ष निघेल. गंमत अशी की, त्याच भारतीय अभ्यासात कृत्रिम श्वसनयंत्राशी निगडित न्यूमोनियाचा दर १०.४६ आणि रक्तवाहिनीतील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा दर ७.९२ होता. एकाच विभागातील, त्याच परिचारिकांच्या हातून हाताळल्या जाणाऱ्या तीन प्रकारच्या नळ्यांपैकी एकीचाच आकडा इतका सुखद कसा, ही शंका रास्त ठरते.

या शंकेचे एक संभाव्य उत्तर आपल्या उपचारपद्धतीत आहे. ताप आला की कल्चरसाठी नमुना पाठवण्याआधीच प्रबळ अँटिबायोटिक सुरू करण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. औषध पोटात किंवा शिरेत गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढत नाहीत. अहवाल 'निर्दोष' येतो आणि संसर्ग मोजणीतून निसटतो. लहान शुश्रूषागृहांत सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळाच नसते. नमुना बाहेर पाठवायचा तर त्याचा खर्च रुग्णाच्या माथी पडतो. त्यात रुग्ण घरी गेल्यावर ताप आला, तर तो दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातो आणि पहिल्या रुग्णालयाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. कमी आकडा हा उत्तम निगेचा पुरावा असू शकतो, तसाच तो कमी शोधाशोधीचाही असू शकतो. दोहोंतील फरक केवळ आकड्यावरून कळत नाही.

या दृष्टीने पुढील दशकात झालेले काम महत्त्वाचे आहे. दिल्लीची एम्स, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र यांच्या सहकार्याने देशातील रुग्णालयांचे एक जाळे उभारण्यात आले. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन, सर्वांसाठी एकच व्याख्या ठरवून मोजणी सुरू झाली. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांची माहिती २०२२ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मूत्रमार्गाचे ७३७ संसर्ग नोंदले गेले होते. लहान मुलांच्या वैद्यकीय अतिदक्षता विभागांत कॅथेटरशी निगडित दर सर्वाधिक, म्हणजे हजार कॅथेटर-दिवसांमागे ४.५ होता. मूत्रमार्गाच्या संसर्गांत सर्वाधिक आढळली ती कँडिडा ही बुरशी, सुमारे २९ टक्के. अमेरिकेने जिला मोजणीतून वगळले, तीच आपल्याकडे अग्रस्थानी होती. परकी पट्टी डोळे मिटून उचलली असती, तर आपल्या दुखण्याचा मोठा भाग कागदावरून पुसला गेला असता.

त्याहून गंभीर बाब औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची. मूत्रमार्गाच्या संसर्गास कारणीभूत ठरलेल्या क्लेबसिएला जिवाणूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जिवाणू कार्बापेनेम गटातील औषधांना जुमानत नव्हते. ही औषधे म्हणजे अतिदक्षता विभागातील राखीव फौज. ती निकामी ठरली की डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडाला अपाय करू शकणारी औषधे उरतात. साध्या वाटणाऱ्या लघवीच्या संसर्गाचे रूपांतर रक्तातील जंतुसंसर्गात होऊन रुग्ण दगावतो, तो अशा वेळी. संसर्ग मोजण्याची गरज प्रशासकीय सोपस्कारापुरती नाही, ती या कारणाने जीवनमरणाची होते.

शिक्षा की शहाणपण?

मोजणीची सक्ती करावी आणि ज्यांचा दर अधिक त्यांना दंड करावा, असा सोपा उपाय कोणालाही सुचेल. अमेरिकेने तो करून पाहिला आहे. रुग्णालयातच जडलेल्या अशा संसर्गावरील उपचारांचे जादा पैसे ऑक्टोबर २००८ पासून तेथील सरकारी 'मेडिकेअर' विमा योजनेने देणे बंद केले. धोरण धडाडीचे होते. परिणाम मात्र बोधप्रद ठरला. मिशिगन राज्यातील रुग्णालयांच्या २००९ मधील ७ लाख ८१ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या नियमामुळे पैसे कापले गेले ते केवळ २५ रुग्णांच्या बाबतीत. कारण पैसे मागण्यासाठी भरल्या जाणाऱ्या कागदपत्रांत हा संसर्ग 'रुग्णालयात, नळीमुळे झालेला' असा लिहिलाच जात नव्हता. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासातही या धोरणाचा संसर्गदरावर मोजता येण्याजोगा परिणाम आढळला नाही. आकड्याला दंड जोडला की आकडा लपतो, हा मनुष्यस्वभाव अमेरिकेत आणि आपल्याकडे सारखाच आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही.

याच्या उलट अनुभव त्याच देशात चार दशकांपूर्वी आला होता. १९७० च्या दशकातील रुग्णालयांचा अभ्यास करून १९८५ साली मांडलेले निष्कर्ष असे होते, की जेथे संसर्गाची पद्धतशीर मोजणी होती, मोजलेले आकडे शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचवले जात होते, प्रशिक्षित डॉक्टर आणि दर २५० खाटांमागे एक संसर्ग नियंत्रण परिचारिका होती, तेथे संसर्ग ३२ टक्क्यांनी घटले. जेथे असे काहीच नव्हते, तेथे ते १८ टक्क्यांनी वाढले. आकडा काम करणाऱ्यांच्या हाती वेळेवर पडणे, हेच या यशाचे मर्म होते.

नळी काढणे हाच उपचार

मोजणीतून हाती काय लागते, हेही पाहिले पाहिजे. सर्वांत प्रभावी उपाय महागड्या नळीत किंवा नव्या औषधात नाही. गरज नसलेली नळी घालू नये आणि गरज संपताच काढावी, एवढाच तो आहे. हे सांगण्यास सोपे असले तरी घडत का नाही, याचे उत्तर २००० साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीने दिले. आपल्या रुग्णाला कॅथेटर घातलेला आहे, हेच २८ टक्के वेळा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. वरिष्ठ डॉक्टरांत हे प्रमाण ३८ टक्के होते. ज्याची आठवणच नाही, ते काढण्याचा आदेश कोण देणार? आपल्याकडे यात आणखी एका कारणाची भर पडते. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतात, मावशी वेळेवर मिळत नाहीत, रात्री वृद्ध रुग्णाला स्वच्छतागृहात नेण्यास कोणी नसते. अशा वेळी नळी ही वैद्यकीय गरज न राहता मनुष्यबळाच्या टंचाईवरील उतारा बनते. नातेवाइकांनाही ती सोयीची वाटते.

या साध्या उपायांचे फळ मात्र ठोस आहे. अमेरिकेतील ६०३ रुग्णालयांनी राबवलेल्या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नळीची गरज रोज तपासणे, ती निर्जंतुक पद्धतीने घालणे आणि आकडे नियमितपणे विभागाला कळवणे यांच्या जोरावर सर्वसाधारण विभागांतील दर हजार कॅथेटर-दिवसांमागे २.२८ वरून १.५४ वर आला. अतिदक्षता विभागांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तेथे जवळजवळ प्रत्येक रुग्णाला नळी आवश्यकच मानली जाते आणि प्रत्येक तापासाठी कल्चर पाठवले जाते. हे अपयशही मोजणी होती म्हणूनच दिसले.

मोजणीतील एक विसंगतीही येथे ध्यानात घ्यावयास हवी. समजा, एखाद्या रुग्णालयाने अनावश्यक नळ्या काढून कॅथेटर-दिवस १००० वरून ५०० वर आणले आणि संसर्ग पाचावरून तीनवर आले. दोन रुग्ण वाचले, पण दर मात्र ५ वरून ६ झाला. कारण आता ज्यांना नळी उरली, ते अधिक आजारी. केवळ दरावर बोट ठेवणारा अधिकारी अशा रुग्णालयाला दोषी ठरवील. म्हणून संसर्गदरासोबत एकूण रुग्णदिवसांपैकी किती दिवस नळी वापरली, हे प्रमाणही प्रसिद्ध व्हावयास हवे. ते मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन आणि रोजची पाच मिनिटे पुरतात.

फलकावर न दिसणारा आकडा

आपल्याकडे कागदोपत्री उणीव आहे असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 'एनएबीएच' मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना हा दर मोजावा लागतो. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. त्या फलकावर खोलीचे भाडे वाचता येते. त्या खोलीत राहिल्याने संसर्ग होण्याची शक्यता किती, हे नाही. अमेरिकेत २०१२ पासून अतिदक्षता विभागांतील या संसर्गाची माहिती कळवणे रुग्णालयांच्या सरकारी मोबदल्याशी जोडले गेले आणि ती सामान्य नागरिकांसाठी संकेतस्थळावर उपलब्ध होते. तेथील दंडाचा मार्ग फसला म्हणून हा पारदर्शकतेचा मार्गही नाकारण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर सुरुवात सरकारी आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांपासून करता येईल. सूक्ष्मजीवशास्त्राचे स्वतंत्र विभाग तेथे आहेत आणि सर्वाधिक गरीब रुग्णही तेथेच येतात. पहिली काही वर्षे रुग्णालयाचे नाव जाहीर न करता आकडे एकत्र करावेत, मोजणी तपासून घ्यावी, कल्चर किती पाठवले याचीही नोंद ठेवावी. मोजणी विश्वासार्ह ठरल्यानंतर नावानिशी प्रसिद्धी द्यावी. अधिक संसर्ग प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्यास नोटीस आणि काहीच न नोंदवणाऱ्यास शाबासकी, असा उलटा न्याय होणार नाही, याची हमी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. संसर्ग नियंत्रण परिचारिकेचे पद मंजूर करून तिला लसीकरणाच्या, निवडणुकीच्या आणि अन्य कामांना जुंपायचे नाही, हेही ठरवावे लागेल.

नागरिकांनाही यात भूमिका आहे. रुग्णाला एक्स-रेसाठी नेताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलट मूत्राशयात जाते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता लटकलेली हवी. नळी आणि पिशवीची जोडणी विनाकारण उघडू नये. ताप किंवा अन्य लक्षण नसताना केवळ लघवीला वास येतो म्हणून अँटिबायोटिकचा आग्रह धरू नये. आणि रोजच्या राउंडच्या वेळी 'डॉक्टर, नळी आज काढता येईल का?' हा एक प्रश्न नम्रपणे पण न चुकता विचारावा. नळी काढण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. परंतु त्यांना तिची आठवण करून देण्याचा हक्क रुग्णाचा आहे.

आरोग्यसेवेतील प्रगती आपण नव्या इमारती, नवी यंत्रे आणि रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रिया यांवरून मोजतो. पण त्या अत्याधुनिक शस्त्रक्रियेनंतर चार आण्यांच्या निष्काळजीपणाने रुग्ण पुन्हा आजारी पडत असेल, तर ती प्रगती अपुरी होय. 'आमच्याकडे संसर्ग नाही' असे सांगणाऱ्या रुग्णालयाला यापुढे एकच प्रतिप्रश्न विचारला गेला पाहिजे: तुम्ही तो मोजता कसा? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या शून्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.